गाडीत तुम्ही कोण म्हणून बसला होता?

सकाळचे साडेसात. पिशोरचा स्टँड. कन्नडच्या कॉलेजला जाणारी पोरं-पोरी पाठीला सॅक लावून उभी आहेत. एसटी येईल तेव्हा येईल. तोवर काळी-पिवळी येते, 'चला कन्नड, कन्नड' अशी हाक येते आणि नऊ सीटच्या गाडीत तेरावा, चौदावा माणूस 'सरका ना जरा' म्हणत आत घुसतो. कुणी गावातल्या मित्राच्या बाइकवर डबल सीट. कुणी भाजीच्या पिकअपला हात दाखवतो. कुणाला पुण्याला जायचंय, तो मोबाइलवर कुणाच्या तरी कारमधली रिकामी सीट शोधतोय.

शहरात याला राइड शेअरिंग म्हणतात. तिथं अ‍ॅप असतं, रेटिंग असतं, मॅपवर सरकणारी छोटीशी गाडी दिसते. आपल्याकडे हे कधीपासूनच आहे, फक्त अ‍ॅप नाही. गाडी एकाची, प्रवास सगळ्यांचा. पोहोचलो की विषय संपला.

पण नाही पोहोचलो तर?

९ आणि १० मार्च २०२५ च्या मधली रात्र आठवा. कन्नडहून पिशोरकडे उसानं भरलेला एक ट्रक निघाला होता. ट्रकमध्ये १७ मजूर होते. पिशोरच्या घाटात ट्रक उलटला आणि माणसं उसाखाली दबली. सहा मजूर गेले, अकरा जखमी झाले. ट्रकखालचा ऊस हलवला गेला, रस्ता मोकळा झाला, बातमी संपली. अशा प्रत्येक घराचा दुसरा प्रवास मात्र तिथून पुढे सुरू होतो. पोलीस स्टेशन, दवाखाना, वकील, कोर्ट आणि विमा कंपनी.

या फीचरसाठी मी अपघात विम्याचा कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल वाचायला घेतले. भाषा अवघड आहे, पण फिरून फिरून एकच प्रश्न समोर येतो. तुम्हाला किती लागलं हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की, त्या गाडीत तुम्ही कोण म्हणून बसला होता? भाडं देणारा प्रवासी? गाडीमालकाचा मजूर? मालाचा मालक? की नुसतंच 'येतो का' म्हटल्यावर बसलेला? भरपाई विमा कंपनी देणार, गाडीमालक देणार की कुणीच नाही, हे बरंचसं या एका उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर अपघातानंतर ठरत नाही. गाडीत पाय ठेवतो तेव्हाच ते ठरून गेलेलं असतं.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?

'गाडीला थर्ड पार्टी आहे' हे वाक्य आपण रोज ऐकतो. विम्याचा करार दोघांत होतो. पहिला गाडीमालक, दुसरी विमा कंपनी. गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे.

रस्त्यानं चालणारा माणूस नेहमीच तिसरा. समोरून येणारा बाइकवालाही तिसरा. गोंधळ होतो तो गाडीच्या आत बसलेल्या माणसाचा. आपल्याला वाटतं, गाडीला विमा आहे म्हणजे आत बसलेले सगळे सुरक्षित. तसं नाही. आतला माणूस विम्यात येतो की नाही, हे गाडी कोणत्या प्रकारची, पॉलिसी कोणती आणि माणूस कोणत्या नात्यानं बसला यावर अवलंबून असतं. आपण रोज ज्या गाड्यांतून जातो त्या एकेक करून बघू.

उसाचा ट्रक, भाजीचा पिकअप

मालवाहू गाडी माणसं नेण्यासाठी नसते. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या आशा राणी प्रकरणात हे स्पष्ट केलं, की मालगाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यावर येत नाही. म्हणजे पिकअपमध्ये मागे बसून लग्नाला निघालेलं वऱ्हाड, ट्रॅक्टर-टेम्पोत बसून जत्रेला निघालेली माणसं, 'कन्नडपर्यंत सोड ना भाऊ' म्हणून चढलेला विद्यार्थी, हे सगळे विम्याच्या बाहेर राहू शकतात.

याला दोन अपवाद आहेत. पहिला, मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी. १९९४ च्या दुरुस्तीनं त्याला विम्याचं संरक्षण मिळालं. अद्रक, कांदा, भाजी घेऊन बाजाराला निघालेला शेतकरी यात बसतो. पण २००७ च्या एका निकालात न्यायालयानं सांगितलं, की मालाच्या मालकानं केबिनमध्ये बसून प्रवास करायला हवा. मालावर बसलात तर कंपनीला नाही म्हणायला जागा मिळते.

दुसरा अपवाद मजुरांचा. गाडीमालकानं कामाला लावलेला मजूर गाडीतून जात असेल, तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार जेवढी रक्कम होते तेवढी जबाबदारी सक्तीच्या विम्यात धरलेली आहे. ही रक्कम लहान नसते. या कायद्यात पगाराची मर्यादा महिना १५,००० रुपये आहे. २५ वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाला आणि पगार १५,००० धरला, तर पगाराच्या निम्म्याला २१६.९१ या ठरलेल्या आकड्यानं गुणतात. उत्तर येतं १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. ड्रायव्हरची चूक होती हे सिद्ध करायची गरज नाही. मात्र मोटार अपघात दावा किंवा हा कामगारांचा दावा, दोन्हींपैकी एकच रस्ता निवडावा लागतो.

खरी अडचण इथं आहे. ऊसतोडीत मजुराला उचल देतो मुकादम. ट्रक असतो वाहतूकदाराचा. ऊस जातो कारखान्याला. मग ट्रकवर बसलेला मजूर नेमका कुणाचा? ट्रकमालकाचा मजूर ठरला तर विम्यात. मुकादमाचा ठरला तर कंपनी म्हणणार, 'आमच्या पॉलिसीत हा माणूस नाही.' कागदावर करार नाही, हजेरी नाही, पगाराची पावती नाही. घाटात ट्रक उलटल्यावर मागे राहिलेल्या बायकोनं हे नातं सिद्ध करायचं. तेही पुढच्या हंगामात पुन्हा कोयता घेऊन जायच्या आत.

न्यायालयं अशा वेळी कधी कधी मधला मार्ग काढतात. कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. २०१७ च्या एका प्रकरणात फुकट बसलेल्या प्रवाशांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं असाच आदेश दिला. पण हे त्या त्या प्रकरणात मिळतं. मिळेलच असं धरून चालता येत नाही.

काळी-पिवळी : सीट नऊ, माणसं पंधरा

काळी-पिवळी जीप ही प्रवासी वाहतुकीची गाडी. परमिट आहे, विमा चालू आहे, तर भाडं देऊन बसलेला प्रवासी विम्यात येतो. तिकीट मिळत नाही म्हणून हक्क जात नाही. पिकअपपेक्षा ही जागा कधीही बरी.

पण गर्दीचं काय? १५ जण बसले आणि गाडी उलटली, तर विमा कुणाकुणाला मिळणार? याचं उत्तर २००७ च्या अंजना श्याम प्रकरणात आहे. हिमाचलमधली बस होती. ४२ प्रवाशांची परवानगी असताना आत ९० च्या आसपास माणसं होती. न्यायालयानं सांगितलं, कंपनीनं जेवढ्या प्रवाशांचा विमा उतरवला तेवढ्यांचीच जबाबदारी तिच्यावर. मग त्यातले सगळ्यात मोठे तेवढे दावे धरून एकूण रक्कम कंपनीनं भरायची आणि ती सगळ्या जखमींमध्ये आणि मृतांच्या वारसांमध्ये प्रमाणात वाटायची. उरलेली रक्कम गाडीमालकाकडून घ्यायची.

हिशेब सोपा करून बघू. नऊ प्रवाशांची जीप, आत १५ जण, प्रत्येकाची भरपाई १० लाख ठरली असं समजा. कंपनी भरणार ९० लाख. वाटणीत प्रत्येकाला येणार सहा लाख. उरलेले चार-चार लाख त्या जीपवाल्याकडून वसूल करायचे. ज्याची स्वतःची जीप कर्जावर आहे, त्याच्याकडून.

म्हणजे दहावा माणूस गाडीत बसतो तेव्हा फक्त जागा कमी होत नाही. आधीच्या नऊ जणांचा विमाही वाटला जातो. 'सरका ना जरा' याचा हा अर्थ स्टँडवर कुणी सांगत नाही.

लायसनचं काय? आधी कंपन्या म्हणायच्या, ड्रायव्हरकडे नुसतं एलएमव्ही लायसन आहे, प्रवासी गाडीचा शिक्का नाही, म्हणून क्लेम नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हा वाद संपवला. ७,५०० किलोपर्यंतची प्रवासी किंवा मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते. लायसन खोटं किंवा संपलेलं असेल, तर २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून 'आधी द्या, मग वसूल करा' हा मार्ग आहे. परमिटच नसेल तर २०१८ च्या एका निकालात तोच मार्ग वापरला गेला. थोडक्यात, चूक ड्रायव्हरची किंवा मालकाची असली तरी प्रवाशाला लगेच हात हलवत परत पाठवता येत नाही.

आणि एसटी? एसटीच्या तिकिटात २०१६ पासून अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो. अपघातात प्रवासी गेला तर वारसांना १० लाखांची मदत त्यातून ठरली आहे. उशीर होतो, गर्दी असते, सगळं खरं. पण तुम्ही प्रवासी आहात की नाही, हे तिथं कुणाला सिद्ध करावं लागत नाही. ते तिकिटावर छापलेलं असतं.

पांढऱ्या पाटीची गाडी, सीटमागे पैसे

संभाजीनगर-पुणे हा रूट आपल्यातल्या कित्येकांचा. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सचे दर वाढतात, मग अ‍ॅपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीट शोधायची. कार कुणा नोकरदाराची, पाटी पांढरी, तो पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. स्वस्त पडतं, गप्पा होतात.

खासगी कारच्या पॉलिसीवर 'वापराची मर्यादा' नावाचा एक रकाना असतो. त्यात लिहिलेलं असतं, की गाडी भाड्यानं किंवा मोबदला घेऊन चालवली तर विमा लागू नाही. पेट्रोल वाटून घेणं आणि भाडं घेणं यात फरक किती, यावरच मग कोर्टात वाद होतो. चार सीटचे ठरलेले पैसे आधीच ऑनलाइन गेले असतील, तर कंपनीच्या हातात आयताच पुरावा मिळतो.

सरकारी धोरणही या बाबतीत स्थिर राहिलेलं नाही. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी गाड्यांच्या राइड पूलिंगला मर्यादा घालून वाट दिली. पुढे पुण्यातल्या बाइक टॅक्सीचा वाद पेटला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रॅपिडोला राज्यातली सेवा थांबवायला सांगितलं. १९ जानेवारी २०२३ ला राज्य सरकारनं खासगी नोंदणीच्या गाड्या अशा व्यवसायासाठी वापरायला बंदी घातली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानंही रॅपिडोला दिलासा दिला नाही. मग २०२५ मध्ये राज्यानं ई-बाइक टॅक्सीचे नियम आणले आणि त्याच जुलैत केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात राज्यांना खासगी बाइकनाही परवानगी देण्याची मोकळीक आहे.

धोरण दोन वर्षांत इकडून तिकडे गेलं. पण धोरण बदललं म्हणून तुमच्या ड्रायव्हरच्या पॉलिसीवरचा तो रकाना आपोआप बदलत नाही. अ‍ॅपवर गाडी दिसते म्हणजे विमाही आहे, हे समीकरण डोक्यातून काढा. बुकिंग करताना त्या ट्रिपचा प्रवासी विमा आहे का, किती रकमेचा आहे आणि कोणत्या कंपनीचा आहे, हे अ‍ॅपमध्येच बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मित्राची बाइक

आता सगळ्यात जवळची गोष्ट. माझा एक वर्गमित्र दुसऱ्या वर्षाला असताना मित्राच्या बाइकवर मागे बसून निघाला होता. वळणावर खडी होती. बाइक घसरली. समोर कुणी नाही, धडक नाही, नुसती घसरली. मित्राला खरचटलं, याच्या पायात रॉड पडला. बाइकचा विमा चालू होता, त्यामुळे घरचे निवांत होते. कंपनीनं सांगितलं, 'मागे बसणारा आमच्या पॉलिसीत येत नाही.' ऑपरेशनचा खर्च त्याच्या वडिलांनी सोनं गहाण ठेवून केला. वर्षही गेलं.

कंपनी खोटं बोलत नव्हती. २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलंय. बाइकला फक्त सक्तीचा थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे फुकट बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. खासगी कारमधल्या माणसांनाही हाच नियम. पण पॉलिसी पॅकेज असेल, म्हणजे आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो ती असेल, तर मागे बसणारा आणि कारमधले प्रवासी त्यात येतात. विमा नियामकानं २००९ मध्ये कंपन्यांना हे बजावलं आणि २०१२ च्या बालकृष्णन निकालानंही ते मान्य केलं.

आता आपल्या गावातल्या बाइक आठवा. नवीन घेताना शोरूमवाला पॅकेज देतो. ते संपलं की आपण सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढतो, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला. त्या बचतीतून नेमका मागे बसणारा मित्र, बहीण, आई वगळली जाते.

चालवणाऱ्याचंही तसंच. मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो लायसन असलेल्या मालकापुरता. मित्राची बाइक मागून नेली आणि आपल्याच चुकीनं पडलो, तर आपण मालकाच्या जागी उभे राहतो, तिसरे राहत नाही. २०२० च्या रामखिलाडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं.

समोरच्याची चूक असेल तर

आतापर्यंत आपण ज्या गाडीत बसलो तिच्या विम्याबद्दल बोललो. दुसऱ्या गाडीनं येऊन धडक दिली तर चित्र बदलतं. त्या गाडीसाठी तुम्ही तिसरेच. मग तुम्ही बाइकवर मागे होता की पिकअपमध्ये, त्यानं तुमचं हे तिसरेपण जात नाही. दोन्ही ड्रायव्हरांची थोडी-थोडी चूक असेल, तर २०१५ च्या खेन्येई निकालानुसार प्रवासी कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. कुणाची चूक किती, याची वाटणी ते दोघं आपसात करतील.

म्हणूनच अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा नंबर लिहून घेणं फार महत्त्वाचं. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, एवढंच मिळतं.

कमावत नाही म्हणून किंमत कमी?

विद्यार्थ्याचा क्लेम म्हणजे किती, तो कुठं कमावतो, असं सहज म्हटलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. न्यायाधिकरण विद्यार्थ्याचं अंदाजे उत्पन्न धरतं. २००९ च्या सरला वर्मा निकालानं १५ ते २५ वयासाठी १८ चा गुणक ठरवला. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानं पुढच्या काळात वाढणारं उत्पन्नही धरायला सांगितलं. पक्की नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी ही वाढ ४० टक्के.

समजा, न्यायाधिकरणानं महिना १२,००० धरले. ४० टक्के वाढवून १६,८०० झाले. वर्षाला गुणलं, मग १८ नं गुणलं, की ३६ लाख २८ हजार ८०० होतात. अपघातामुळे कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं, तर त्यातले १० लाख ८८ हजार ६४० रुपये. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई वेगळी. मुलगा किंवा मुलगी गेलीच, तर अविवाहिताच्या बाबतीत निम्मा खर्च वजा होतो आणि १८ लाख १४ हजार ४०० उरतात.

हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्येक केस वेगळी. पण हा हिशेब माहीत असायला हवा, कारण अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी घरी जो आकडा सांगितला जातो, तो याच्या जवळपासही नसतो.

'मिटवून टाका'

जीपवाला शेजारच्या गावचा असतो. कुणाचा तरी पाहुणा निघतो. चार माणसं दवाखान्यात येतात, खर्चाला ५० हजार देतात आणि म्हणतात, 'पोरगं वाचलं ना, मग कशाला केस? मिटवून टाका.' घरच्यांनाही वाटतं, त्या गरिबाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा.

ही भावना खोटी नाही. पण गाडीला परमिट आहे, विमा चालू आहे, सीटइतकीच माणसं आहेत, तर भरपाई त्या गरिबानं द्यायचीच नसते. ती विमा कंपनीनं द्यायची असते. त्यासाठीच तो दरवर्षी हप्ता भरतो. एफआयआर न करता मिटवलं तर जीपवाल्याचं फार काही वाचत नाही, कंपनीचं वाचतं. वर्षभरानं पायाचं दुसरं ऑपरेशन निघालं, की ५० हजारांचा कागद पुढे येतो आणि त्यावर आपलीच सही असते. हां, कागदपत्रं अर्धवट असतील तर वसुली जीपवाल्यावर येऊ शकते, हेही खरं. म्हणून तर त्याची कागदपत्रं पूर्ण असणं त्याच्याही भल्याचं.

अजून एक सापळा. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. रक्कम लवकर मिळते म्हणून मोह होतो. पण ती स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. सही करायच्या आधी वकिलाला एकदा विचारा.

मुदत आणि कागद

१ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की तूर्त केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका. तरी आपण सहा महिनेच धरून चालावं. दावा अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. पुण्याजवळ अपघात झाला म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही, छत्रपती संभाजीनगरला दावा चालतो.

२०२२ च्या नियमांनी पोलिसांवरही जबाबदारी टाकली आहे. अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायची. जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचा फॉर्म दहा दिवसांत द्यायचा. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा फॉर्म मागायला लाजू नका, तो तुमचा आहे.

उपचारासाठी ५ मे २०२५ ला केंद्रानं कॅशलेस योजना जाहीर केली. रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार. घाटीत न्या नाहीतर खासगीत, दाखल करताना 'रस्ता अपघात' अशी नोंद होते का ते बघा. 'घरी पडला' असं लिहिलं गेलं, तर पुढे तोच कागद आपल्या विरोधात वापरला जातो.

बसण्याआधी दोन मिनिटं

• पाटी बघा. पिवळी पाटी, काळे आकडे म्हणजे वाहतुकीची गाडी, प्रवासी किंवा मालवाहू. पांढरी म्हणजे खासगी. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी, त्यावर पिवळे आकडे असतील तर ती वाहतुकीची.

• एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाका. विमा कधीपर्यंत आहे ते कळतं.

• घरच्या बाइकची पॉलिसी आज उघडा. नुसती थर्ड पार्टी असेल तर पुढच्या वेळी पॅकेज घ्या किंवा मागे बसणाऱ्याचं कव्हर जोडून घ्या.

• बँक खातं आहे ना? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं कव्हर मिळतं. इथं कोणत्या गाडीत कोण म्हणून बसला होता, हे कुणी विचारत नाही.

• अपघात झाला तर गाड्यांचे नंबर आणि फोटो, साक्षीदाराचा फोन नंबर, एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल. सगळं एका फाइलमध्ये.

मला माहितीय, हे वाचून उद्या सकाळी पिशोरच्या स्टँडवर कुणी जीपवाल्याकडे पॉलिसी मागणार नाही. पहिल्या लेक्चरला उशीर होत असेल, तर आपण चौदावे म्हणूनही बसू. रस्ता तोच, गाड्या त्याच आणि एसटीची वेळही तीच. यातला मोठा भाग आपल्या हातात नाही. कॉलेजच्या वेळेला पुरेशा एसटी लागणं, मजुरांना उसावर न बसवता वेगळ्या गाडीनं नेणं, मुकादमानं मजुराचं नाव कागदावर लिहिणं, ही कामं ज्यांची आहेत त्यांच्याकडे ती मागावी लागतील.

तोवर एवढं तरी करू. घरी कुणी ऊसतोडीला जात असेल, पिकअपनं बाजाराला जात असेल, तर आज संध्याकाळी जेवताना त्यांना विचारा, 'त्या गाडीत तुम्ही कोण म्हणून बसता?' त्यांना उत्तर माहीत नसेल, तर आता तुम्हाला माहितीय.